हंसझरा

सुहासिनीबाईंनी आधी वर्तमानपत्र अंथरलं,
टेबल पुसलेलं असूनही,
मग पिशवीतून एकेक काढत गेल्या:
ओपनर, मुठीवर झिजून उरलेलं 'हंसझ',
पत्र्याची पाटी, हंसाच्या मानेला गंज,
परळच्या एका प्रसूतिगृहाचं पत्र,
'रोज दोन डझन, बाळंतिणींसाठी',
आणि मूठभर बुचं. ती त्यांनी मोजली.
एकोणीस.

हंसच का, मी विचारलं.
तो दूध आणि पाणी वेगळं करतो ना.
पण इथे तर नुसतंच पाणी.
"वडिलांना चित्र आवडलं," त्या म्हणाल्या.
"कॅलेंडरवरून कापलेलं होतं."

भांडुपच्या टेकडीखाली जागा. सावे आणि बंधू.
पहाटे झऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा,
हात बधिर झाला की म्हणायचं, आज पाणी बरं आहे.
"तीच आमची लॅबोरेटरी."

मी चहा ठेवायला उठलो.

आत गॅसपाशी उभं राहून मी ऐकत होतो,
त्या भिंतीशी बोलाव्या तशा बोलत होत्या:
रिकाम्या बाटल्या मिळतात हो,
भंगारवाले घरी आणून देतात.
भरलेली मात्र एकही नाही.
पाणी कोण जपून ठेवतं?

माझे बाबा.
पालिकेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं,
कुठल्याही पाण्याचा आधी वास घेणारे,
लग्नाच्या पंगतीतसुद्धा.
'पिण्यास अयोग्य' हे दोन शब्द
त्यांनी इतक्यांदा लिहिले होते
की किराणामालाच्या यादीतही त्यांचा 'य' तसाच यायचा,
शेपटी खाली ओढलेला.
हंसझऱ्यावरही तेच दोन शब्द.
टेकडीवर नवी वस्ती आली होती.
माणसं कुठेतरी बसणारच, बाबा म्हणायचे,
आणि पाणी खालीच येणार.
यात कुणाला शिव्या घालशील?

कपाटाच्या वरच्या फळीवर, पूजेच्या जुन्या समईमागे,
ती बाटली. सीलबंद.
मी लहानपणापासून समजत आलो, पुरावा आहे.
हात लावायचा नाही.

चहाबरोबर तीही आणली.

बाईंनी चष्मा बदलला.
बाटली उजेडाकडे धरली, कानाशी हलवली,
बूच निरखलं. वीस, असं काहीतरी पुटपुटल्या.
मी म्हणालो, पेडणेकर. मी त्यांचाच मुलगा.
तुमचा कारखाना ज्यांनी.

त्या काही बोलल्या नाहीत.
पिशवीत तळाशी एक पावतीपुस्तक राहिलं होतं,
शेवटच्या सतरा पावत्या कोऱ्या.
त्यांच्या अलीकडची कार्बनची निळी प्रत
त्यांनी माझ्यापुढे सरकवली:
श्री. पेडणेकर, रोख,
बाटली एक, चाळीस पैसे, डिपॉझिट पंधरा.

"नमुना घेऊन झाला, निघाले, आणि फाटकातून परत आले.
म्हणाले, एक विकत द्या. पावती करा.
वडील मरेपर्यंत विचारत होते,
नापास करणार हे ठाऊक असताना
माणूस पाणी विकत का घेतो?"

मला माहीत नाही.
मला एवढंच दिसत होतं
की बाटलीतलं पाणी दोन बोटं उतरलंय.
बूच सैल नाही, काच तडकलेली नाही,
पन्नासेक वर्षांत हळूहळू ते आमच्या घरात आलं,
आमच्या उशांत, पापडांत, आईच्या दम्यात,
आणि आम्हाला, तसं बघायला गेलं तर,
काही झालं नाही.

जाताना त्यांनी बाटली पदराने पुसली.
"घेऊन जाऊ?"
न्या, म्हटलं, तुमचीच आहे.
"छे. रोखीत विकलेली आहे," त्या म्हणाल्या,
आणि पर्स धुंडाळू लागल्या.
पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं,
बाटली परत केल्यास डिपॉझिट परत.

त्यांनी एक रुपया ठेवला टेबलावर.
माझ्याकडे पंच्याऐंशी पैसे सुटे नव्हते.